पान १४३

चिठ्ठी क्र. १
तारीख: ५ ऑगस्ट १९९७
विचारणारा: कॉलेजचे शिपाई
प्रश्न: हत्ती किती वर्षं जगतो?
साधन: ज्ञानकोश, खंड अठरावा
वेळ: १९ मिनिटे
समाधान झाले का: होय (शिपाई म्हणाले, एवढ्या वेळात हत्ती गेला असता.)

कंसातलं लिहायचं नसतं हे शेवंताला तेव्हा ठाऊक नव्हतं. पिंगळे बाईंनी त्यावर लाल रेघ मारली. मारताना त्या हसल्या, तेही तिनं पाहिलं.

शेवंता गोटीराम भोये पेठ तालुक्यातल्या आठ घरांच्या पाड्यावरची. नाशिकला आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहून बी.ए. झाली आणि रेक्टर बाई म्हणाल्या म्हणून ग्रंथालयशास्त्राला बसली. एका वर्षाचा कोर्स, पुढे नोकरी. बापाला तिनं सांगितलं, पुस्तकं सांभाळायचं शिक्षण आहे. गोटीराम बराच वेळ विचार करून म्हणाला, "गुरं सांभाळायला शिकावं लागतं. पुस्तकं कुठं पळून जात्यात?"

पळून जातात, हे तिला पहिल्याच महिन्यात कळलं. चुकीच्या फळीवर ठेवलेलं पुस्तक जळालेल्या पुस्तकासारखंच. असून नसल्यात जमा. म्हणून एक तास वर्गीकरणाचा, प्रत्येक पुस्तकाला आकडा द्यायचा. ऊस हा शेतीत घालायचा, साखर उद्योगात, आणि साखरेचा आजार आणखी तिसऱ्याच कपाटात. एक तास कार्डं लिहायची. लेखकाचं नाव पहिल्या उभ्या रेघेपासून, पुस्तकाचं दुसऱ्या. बोट इकडचं तिकडं झालं की पिंगळे बाई कार्ड फाडून हातात देत. कुणी एका नावानं शोधील तर कुणी दुसऱ्या, म्हणून 'पाहा'ची कार्डं. वांगी पाहा फळभाज्या. फळभाज्या हेही पाहा बागाईत. रात्री मुली एकमेकींना चिडवत, "डोकेदुखी पाहा पिंगळे."

आणि संदर्भसेवा. हे प्रात्यक्षिक पन्नास मार्कांचं. दुपारी दोन ते चार कॉलेजच्या ग्रंथालयात काउंटरला बसायचं, येईल त्याचा प्रश्न घ्यायचा, उत्तर शोधून द्यायचं, चिठ्ठी लिहायची. वर्षाला पन्नास चिठ्ठ्या.

"लक्षात ठेवा," पिंगळे बाई सांगत, "वाचक पहिल्यांदा जे विचारतो ते त्याला हवं असतंच असं नाही. तो लाजतो, आडून विचारतो, शेजाऱ्याच्या नावावर खपवतो. तुम्ही उलट प्रश्न करायचा. गोडीनं. कशासाठी हवंय? कुणासाठी? आधी कुठं बघितलं? खरा प्रश्न बाहेर येईपर्यंत पुस्तकाला हात लावायचा नाही."

मुलींनी हे वहीत लिहून घेतलं. पण मार्कांच्या तक्त्यात उलट प्रश्नाला रकाना नव्हता. रकाना होता वेळेचा.

*

तृप्ती विधाते ही मखमलाबादच्या मळ्यातली, झेंडू-शेवंतीचा मळा, घरी सकाळी चारपासून फुलांच्या जुड्या. तिचं मनगटी घड्याळ सेकंदाचं होतं. पाच मिनिटांच्या आत उत्तर द्यायची शर्यत तिनंच काढली.

"ए भोये, तुझ्या नावाची फुलं आम्ही शेकड्यानं विकतो गं, तरी तू मला हरवतेस?"

"फुलं विकतेस, मला कुठं विकतेस?"

ऑक्टोबरात शेवंता सहा मिनिटांवर आली. नोव्हेंबरात चारवर. कुठल्या फळीवर काय आहे हे तिचे पाय आधीच जाणू लागले. लहानपणी रानात अंधार पडला तरी वाट सापडायची, तसं. पाड्यावरच्या मुलीला जे जमतं ते शहरातल्या मुलींना जमत नाही, अशी एक गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा तिला सापडली होती. ती तिच्या अंगात भिनली.

इथं पाड्यावरची एक रीत सांगायला हवी. दुखण्याचा किंवा मरणाचा निरोप घेऊन कुणी दारात आलं, तर तो निरोप सांगून होईपर्यंत पाणी पीत नाही. म्हणून निरोप नसलेला पाहुणा आल्या आल्या घटाघटा पाणी पितो, म्हणजे घरच्यांच्या जिवाला घोर नको. सप्टेंबरात गोटीराम वसतिगृहाच्या फाटकाशी आला होता, नागलीचे पापड घेऊन. वॉचमनकडून तांब्या घेऊन त्यानं रस्त्यातच रिकामा केला, उलटा करून दाखवला.

"घे, प्यालो. समदं बरं हाय."

वॉचमन शेवंताला म्हणाला, "तुमच्या वडिलांना लई तहान लागती बुवा."

*

चिठ्ठी क्र. ३१
तारीख: १७ डिसेंबर १९९७
विचारणारा: शेतमजूर (पुरुष)
प्रश्न: द्राक्षबागेत फवारायचे औषध अंगावर पडल्यास काय करावे?
साधन: फळबाग हस्तपुस्तक
पान: १४३
वेळ: २ मिनिटे ५० सेकंद
समाधान झाले का: होय

भाताची कापणी उरकली की गोटीराम आणि आई मालनबाई दर वर्षी निफाडकडं बागांवर जात. त्या वर्षीही गेले होते. बुधवारी दुपारी तो ग्रंथालयाच्या दारात उभा राहिला तेव्हा काउंटरपुढं तीन मुलं रांगेत होती. तो चौथा उभा राहिला. रांग असते हे त्याला ठाऊक होतं, रेशनला असते.

शेवंतानं त्याला पाहिलं. अंगावर बागेतला सदरा, त्याला येणारा तो उग्र वास, पायात काही नाही. तृप्ती शेजारी. पलीकडं पिंगळे बाई कार्डं तपासत बसलेल्या. सगळे वाचक समान, कुणाला ओळख दाखवायची नाही, असा नियम होता. आणि नियम होता याचं तिला त्या क्षणी बरं वाटलं. हे तिनं पुढं कधीच स्वतःपासून लपवलं नाही.

"काय हवंय आपल्याला?"

आपण म्हणजे कोण, म्हणून गोटीरामनं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

"पोरी…"

"बोला ना. बसा. पाणी घ्या." काउंटरवरचा पेला तिनं पुढं सरकवला.

"सुरू केलं गं घड्याळ," तृप्ती पुटपुटली.

गोटीरामनं पेला हातात घेतला. त्याच्या नखांत मोरचुदाचा निळा रंग बसला होता. "एक जण इचारत व्हता," तो म्हणाला. "द्राक्षाला मारत्यात ते अवशीद. अंगावं पडलं, तर कशानं उतरतं? तुझ्या पुस्तकात असंल का?"

एक जण म्हणजे कोण, हा प्रश्न तिच्या जिभेवर आला. अगदी आला. पण पाय आधीच निघाले होते, शेतीच्या कपाटाकडं, खालून दुसरी फळी, पाठ उसवलेलं हिरवं पुस्तक. मागची सूची. फवारणी, दक्षता. एकशे त्रेचाळीस.

"अंगावर पडल्यास साबण आणि भरपूर पाण्याने लगेच धुवावे, कपडे बदलावेत," तिनं वाचलं.

"साबन."

"हो."

"असं लिवलंय?"

"छापलंय. हे बघा, शेवटची ओळ."

त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं. वाचता येत नव्हतं, तरी ओळीच्या टोकापर्यंत बोट नेलं. तिथं पान संपत होतं.

"दोन पन्नास!" तृप्तीनं मनगट वर केलं. "मेली, जिंकलीस."

शेवंता तृप्तीकडं वळून हसली. परत पाहिलं तर बाप दारापाशी. "बरं मंग," एवढं म्हणून तो उतरून गेला. पेला काउंटरवर होता, काठोकाठ. तिनं तो उचलला आणि खिडकीतल्या कुंडीत ओतला, कारण पुढचा वाचक आला होता.

पिंगळे बाईंनी चिठ्ठीवर लाल शाईनं लिहिलं: उत्तम. ५/५.

*

चिठ्ठी क्र. ३२

(कोरी.)

*

शनिवारी सकाळी थोरला भाऊ मंगळू वसतिगृहाच्या फाटकाशी आला. वॉचमननं सवयीनं तांब्या पुढं केला. मंगळूनं मान हलवली. शेवंता जिन्यावरून उतरत होती. तिथंच, चौथ्या का पाचव्या पायरीवर, ती खाली बसली. त्यानं तोंड उघडायच्या आत तिला सगळं कळलं होतं; आणि बुधवारचा भरलेला पेलाही.

मालनबाई आठ दिवस पिंपात औषध कालवत होती. काठीनं, आणि काठी आखूड पडली की हातानं. सोमवारपासून उलट्या. डिसेंबरच्या थंडीत घाम. बागेतल्या बाया म्हणाल्या, थंडी बाधली. गोटीरामला वाटलं, हे अवशीदाचंच. पण आपल्याला काय कळतं? पोरगी शिकतीय, तिला विचारावं. आणि पोरीची परीक्षा, तिला आय आजारी म्हणून कसं सांगावं? तिच्या तोंडावर, साहेबासारखी बसलेली ती, चार माणसांत.

मातीवरून परतल्यावर पाड्यावर ओट्याशी बसून तो तिला म्हणाला, "तुझ्या पुस्तकात व्हतं तसंच केलं बघ. निफाडात उतरलो, साबन घेतला, पानी तापवलं. चार येळा धुतली. बुधवारी दोनदा, बेस्तरवारी दोनदा. नवं लुगडं नेसवलं. मालकाची जीप उभीच व्हती. बागेतली सरुबाई म्हनली, दवाखान्यात ने. मी म्हनलं, पुस्तकात साबन लिवलाय, माझ्या पोरीनं दावलाय."

शेवंता ओट्याची माती नखानं उकरत होती.

"माझंच कायतरी चुकलं धुण्यात," गोटीराम म्हणाला.

तिला वाटलं, पुस्तक बरोबर असेल, आईचा काळच आला असेल.

दहावं करून ती नाशिकला आली आणि पिशवी खांद्याला तशीच ठेवून ग्रंथालयात गेली. खालून दुसरी फळी. एकशे त्रेचाळीस, शेवटची ओळ. तिनं पान उलटलं.

*

पान १४४, पहिल्या ओळीपासून:

परंतु औषध श्वासावाटे किंवा पोटात गेल्याची शंका असल्यास, अथवा उलट्या, फार घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, अंगाला कंप ही लक्षणे दिसल्यास केवळ धुण्यावर विसंबू नये. रोग्यास विनाविलंब दवाखान्यात न्यावे. औषधाचा डबा सोबत न्यावा. वेळेवर उपचार झाल्यास रोगी

सहसा वाचतो.

*

न झालेली मुलाखत. ही तिनं वहीच्या मागच्या पानावर लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली.

एक जण म्हणजे कोण?
अंगावर पडलं की आणखी कुठं गेलं?
किती दिवस झाले?
आता कसं वाटतंय त्यांना?
आई कुठंय?

पाच प्रश्न. पाचही विचारायला फार तर एक मिनिट. म्हणजे तीन मिनिटं पन्नास सेकंद. तरीही ती तृप्तीच्या पुढंच राहिली असती.

*

तिनं कुणालाही सांगितलं नाही. पिंगळे बाईंनाही नाही. पुढच्या अठरा चिठ्ठ्या तिनं भरल्या, सगळ्यांत हळू तिच्या. बाई म्हणाल्या, "भोये, वेग गेला तुझा. पण समजू शकते मी." कोर्सला ती दुसरी आली. तृप्तीनं पहिल्या नंबराचा पेढा तिच्या हातावर ठेवला आणि का कोण जाणे, रडली.

मग शेवंतानं पुढचाही कोर्स केला, आणि २००१ मध्ये नाशिकच्याच एका शेती-संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात लागली. इंदिरानगरात एक खोली घेतली. प्रबंध लिहिणारी मुलं तिच्याकडं येत आणि संस्थेत एक विनोद रूढ झाला: भोये मॅडमकडं सकाळी प्रश्न घेऊन जा, संध्याकाळी दुसराच घेऊन याल.

खोटं नव्हतं ते. मयूर नावाचा मुलगा "कांद्याच्या भावांवर काहीतरी द्या" म्हणून आला. कशासाठी? प्रबंधाला. प्रबंध कशावर? साठवणीवर. मग भाव कशाला? दीड तासानं निघालं की विंचूरला त्याच्या काकांच्या चाळीतला कांदा दर वर्षी सडतो आणि तो का सडतो हे कुणाला सांगता येत नाही, हा त्याचा खरा प्रश्न होता. तिनं त्याला बुरशीच्या कपाटाशी नेऊन उभं केलं. दोन वर्षांनी त्यानं प्रबंधात तिचे आभार मानले, पहिल्या परिच्छेदात, गाईडच्या आधी.

वर्गीकरणाच्या तासानं तिला शिकवलं होतं की एकच गोष्ट तीन कपाटांत असू शकते. 'पाहा'च्या कार्डांनी शिकवलं, की माणूस भलत्या दारानं आत येतो. सूची करताना कळलं, की जे सापडलं नाही तेही लिहून ठेवायचं असतं. हे सगळं अभ्यासक्रमात होतं, छापील, मुद्देसूद, आणि तिनं ते पहिल्याच वेळी वहीत उतरवून घेतलं होतं.

अभ्यासक्रमात नव्हती ती एकच सवय. कुठल्याही पानाची झेरॉक्स काढून द्यायची तर ती पानाच्या दोन्ही बाजूंची काढायला लावी.

"मॅडम," झेरॉक्सवाला बारकू वैतागून म्हणे, "मागची बाजू कोरी हाय. कोऱ्याची पन काढू?"

"काढा."

"कोऱ्याची झेरॉक्स कोरीच येनार ना!"

"बघून मग म्हणा."

तो बघे. कोरीच येई.

कॉलेजनं २००३ साली जुनी पुस्तकं मोडीत काढली तेव्हा ती जाऊन हिरवं हस्तपुस्तक मागून घेऊन आली. आतल्या पानावर जांभळा शिक्का: रद्द. ते तिच्या टेबलाच्या खालच्या खणात असे.

*

नोव्हेंबर २००६. दुपारचे तीन.

गोटीराम संस्थेत याआधी कधी आला नव्हता. आता तो वाकला होता, डोळ्यांना मोतीबिंदूचा चष्मा. दारात तो घुटमळला, रांग शोधत. रांग नव्हती.

शेवंता टेबलामागून उठून बाहेर आली, त्याचा दंड धरून त्याला बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. बारकूनं पाणी आणलं. गोटीरामनं पेला बाकावर ठेवला. प्याला नाही.

"काय झालं, बा? मंगळू बरा आहे?"

"बरा हाय."

"पोरं?"

"बरी हायती. एक इचारायचं व्हतं." तो थांबला. "त्या तुझ्या पुस्तकात साबन कोन्ता लिवला व्हता?"

नऊ वर्षं ती याच क्षणासाठी शिकत होती.

"कशासाठी हवंय, बा?"

"असंच."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठीच." चष्मा काढून त्यानं सदऱ्याला पुसला. "मंगळूच्या पोरीला अंगभर खरूज झाली. पेठला डाक्टरकडं नेली तर तो आमच्यावंच खवळला. म्हनला, कपड्याचा साबन लावता व्हय पोरीला? जहर हाय ते अंगाला. तवाधरनं झोप नाय मला. तवा मी निफाडात घेतला तो पिवळा व्हता, कपड्याचा. अंगाचा बी व्हता दुकानात, वासाचा. मी म्हनलं, साबन तो साबन. तीन रुपये वाचवले मी." तो पेल्याकडं बघत होता. "त्यानंच गेली का तुझी आय?"

शेवंता उठली. खालचा खण उघडला. पुस्तक घेऊन परत बाकावर बसली आणि ते त्याच्या मांडीवर ठेवलं.

"हे बघ. एकशे त्रेचाळीस. 'साबण आणि भरपूर पाण्याने.' कोणता ते लिहिलेलंच नाही, बा. कुठलाही चालतो."

"पिवळा बी?"

"पिवळा पण. तुझं काही चुकलं नाही."

त्याचे खांदे खाली आले. एवढ्यात समाधान झालं होतं त्याचं, तीन मिनिटंही झाली नसतील. त्यानं पेल्याकडं हात नेला.

"थांब," शेवंता म्हणाली. "पान संपलं नाही."

तिनं पान उलटलं आणि वाचलं. 'परंतु'पासून 'वाचतो'पर्यंत. कुठलाही शब्द गाळला नाही, कुठलाही मऊ केला नाही. बारकूचं यंत्र आत खडखडत होतं, ते मध्येच थांबलं.

"जीप उभी व्हती," गोटीराम म्हणाला.

"हो."

"हे तवा व्हतं ह्याच्यात?"

"होतं. मी पान उलटलं नाही."

"कवा उलाटलंस?"

"आईचं दहावं करून आले त्या दिवशी."

तो हिशेब केल्यासारखा ओठ हलवत राहिला. मग पुस्तकावर हात ठेवला, त्याच ओळीवर, अंदाजानं. आता नखांत निळं काही नव्हतं.

"तू तवा लय घाईत व्हतीस," तो म्हणाला.

ती वाट पाहत होती. तो रागावेल, रडेल, उठून जाईल, तिला जवळ घेईल. नऊ वर्षांच्या शिक्षणातून आणि नोकरीतून तिला कळत होतं की माणसाच्या पहिल्या वाक्याखाली दुसरं असतं, त्याखाली तिसरं. त्याच्या तोंडाकडं ती बघत राहिली.

गोटीरामनं पाण्याचा पेला एका बोटानं तिच्याकडं सरकवला.

"पी. निरोप तुझ्याकडं व्हता."

तिनं तो उचलला. पाणी ओठांना लागलं, हनुवटीवरून पुस्तकावर सांडलं. घोट काही खाली उतरेना. त्यानं सदऱ्याच्या टोकानं पान टिपलं, आधी एक बाजू, मग दुसरी. पुस्तक मिटून तिच्या मांडीवर दिलं. बाकाला धरून उभा राहिला.

"पेठची गाडी किती वाजता हाय?"

"पाचला," ती म्हणाली. मग राहवेना, सवयच ती. "कशासाठी विचारतोस, बा?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं. प्रश्न त्याला कळलाच नाही.

"जायाला," तो म्हणाला.